फ्ल्युओरिडीकरण, पिण्याच्या पाण्याचे

दात किडण्यास आळा बसावा, या हेतूने सार्वजनिक पाणीपुरवठ्यातील फ्ल्युओराइडाचे प्रमाण ठराविक पातळीपर्यंत आणण्याच्या क्रियेस फ्ल्युओरिडीकरण म्हणतात. ही पातळी दर लिटरला सु. १ मिग्रॅ. धरली जात असे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१५ पासून ती ०·७ मिग्रॅ. इतकी शिफारस केलेली आहे. फ्ल्युओराइड पाण्यात नैसर्गिक रीत्याही असते व पुष्कळ ठिकाणी ते इतके असते की, ते घालण्याचा नव्हे तर काढण्याचा प्रश्न उभा राहतो. एकाच द्रव्याच्या या दोन टोकांमधील अंतर थोडे आहे आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेल्या वादाचे मूळ या थोडक्या अंतरात आहे.

फ्ल्युओराइडाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम वेधले ते औषध म्हणून नव्हे, तर दोष म्हणून. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आले, तेव्हा तेथेच जन्मलेल्या बहुतेकांच्या दातांवर तपकिरी डाग असल्याचे त्यांना आढळले. गावकरी या डागांचे खापर डुकराचे मांस, निकृष्ट दूध वा चुनामिश्रित पाणी यांवर फोडीत. विख्यात दंतवैद्य ग्रीन वर्दीमन ब्लॅक यांनी १९०९ पासून १९१५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत मॅके यांच्याबरोबर या विकृतीचा अभ्यास केला. दात घडत असतानाच्या वयात मूल त्या गावी राहिले असेल, तरच डाग पडतात. मोठेपणी आलेल्यांना ते होत नाहीत, हे त्यांतून निश्चित झाले. डागाळलेले दात किडण्यास मात्र विलक्षण दाद देत नाहीत, ही दुसरी गोष्टही मॅके यांच्या नजरेतून सुटली नाही. पुढील सर्व इतिहास या दुसऱ्या निरीक्षणातून निघाला.

पाण्यावरचा संशय आयडाहोतील ओकली या गावाने दृढ केला. लांबवरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यानंतर तेथील मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅके यांच्या सल्ल्यावरून १९२५ मध्ये गावाने तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले व त्यानंतर वाढलेल्या मुलांचे दात स्वच्छ निघाले. पाण्यात नेमके काय आहे, याचा उलगडा होण्यास आणखी काही वर्षे लागली, कारण नेहमीच्या रासायनिक परीक्षणात फ्ल्युओरीन शोधण्याची प्रथाच नव्हती. आर्कॅन्सॉतील बॉक्साइट या गावी ॲल्युमिनियम उद्योगातील एका मोठ्या कंपनीच्या कामगारांची वस्ती होती. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात, असा प्रचार त्या काळी चालू होता; डागांचा ठपकाही ॲल्युमिनियमवर येईल, या धास्तीने कंपनीचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी तेथील पाण्याचे वर्णपटीय विश्लेषण करविले. त्यात दर दशलक्ष भागांत १३·७ भाग इतके फ्ल्युओराइड निघाले. कंपनीच्या अब्रूसाठी झालेल्या या तपासणीचे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठातील मार्गारेट कॅमॅक स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांनी हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने यानंतर ट्रेंडली डीन यांना या कामी नेमले. डागांचे सौम्य ते तीव्र असे वर्गीकरण करून डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात व पाणी यांचा मेळ घातला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत चार राज्यांतील २१ शहरांमधील १२ ते १४ वर्षे वयाची ७,२५७ मुले होती. फ्ल्युओराइड दर लिटरला १ मिग्रॅ.च्या आसपास असता डाग क्वचित व फिकट पडतात आणि किडलेल्या दातांची संख्या मात्र निम्म्याहूनही कमी होते, असे तीत दिसून आले. हाच तो प्रसिद्ध ‘१ मिलिग्रॅम’. तो शीत व समशीतोष्ण हवेच्या शहरांत राहणाऱ्या, बऱ्यापैकी पोषण मिळणाऱ्या मुलांवरून काढलेला होता, हे पुढे पुष्कळ ठिकाणी विसरले गेले.

निसर्गात आढळलेले प्रमाण कृत्रिम रीत्या साधल्यास तोच लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्झ या शहराच्या पाण्यात सोडियम फ्ल्युओराइड घालण्यास प्रारंभ झाला. तुलनेसाठी शेजारचे मस्कीगन हे शहर ठेवले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात न्यूबर्ग व किंग्स्टन आणि कॅनडात ब्रँटफर्ड व सार्निया या जोड्यांची निवड झाली. प्रयोग १५ वर्षांचा होता. परंतु विस्कॉन्सिनमधील काही उत्साही दंतवैद्यांनी तत्पूर्वीच मोहीम उघडली आणि सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० मध्ये, म्हणजे प्रयोगाचा एकतृतीयांश काळ लोटला असताना, फ्ल्युओरिडीकरणास अनुकूल धोरण जाहीर केले. १९५१ मध्ये खुद्द मस्कीगनने आपल्या पाण्यात फ्ल्युओराइड घातले व तुलनेचा आधारच नाहीसा झाला. ग्रँड रॅपिड्झमध्ये फ्ल्युओरिडीकरणानंतर जन्मलेल्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण सु. ६० टक्क्यांनी घटल्याचे ११ वर्षांनंतर दिसले. ही घट लक्षणीय होती. पण निर्णय आधी आणि पुरावा मागाहून, असा जो क्रम पडला, त्याचे भांडवल विरोधकांनी दीर्घकाळ केले. १९५१ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या राज्य दंताधिकाऱ्यांच्या परिषदेत विषारीपणाचा विषय जनतेपुढे काढूच नये, असा सल्ला एका पुरस्कर्त्या अधिकाऱ्याने दिला होता. त्या परिषदेचे इतिवृत्त विरोधकांच्या हाती लागले आणि शास्त्रीय अहवालांनी जे साधले नसते, ते त्याने साधले.

पहिला मोठा पराभव १९५० मध्ये विस्कॉन्सिनमधील स्टीव्हन्स पॉइंट या गावी झाला. तेथील मतदारांनी सार्वमताने योजना फेटाळली. त्यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत जेथे जेथे सार्वमत घेतले गेले, तेथे बहुधा विरोधकच जिंकले. नगरपरिषदांनी मतदानावाचून निर्णय घेतला, तेथे योजना टिकली. विरोधकांत सर्व प्रकारचे लोक होते. फ्ल्युओरिडीकरण हा साम्यवाद्यांचा कट आहे, असे मानणारे अतिउजवे गट त्यांत होते व डॉक्टर स्ट्रेंजलव्ह (१९६४) या चित्रपटात त्यांची यथेच्छ टिंगल झाली. परंतु या टिंगलीमुळे जॉर्ज वॉल्डबॉट यांच्यासारख्या अधिहर्षतातज्ञ (ॲलर्जीतज्ञ) वैद्यांचे आक्षेपही त्याच मापाने मोजले गेले आणि सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारणे हेच काही काळ हास्यास्पद ठरले. झुरळे मारण्याचे द्रव्य म्हणून सोडियम फ्ल्युओराइड घरोघरी ठाऊक होते. पुढे वापरात आलेले फ्ल्युओसिलिसिक अम्ल फॉस्फेट खतांच्या कारखान्यांतील उपपदार्थ आहे. या गोष्टींवर आधारलेली भीती मात्रेचा विचार न करणारी असली, तरी निराधार म्हणता येत नाही. १९७५ च्या सुमारास कर्करोगाचा आरोप पुढे आला. वय, वंश इ. घटक लक्षात घेता तो टिकला नाही.

यूरोपात हा वाद मुख्यत्वे न्यायालये व विधिमंडळे यांत लढला गेला. आयर्लंडने १९६० मध्ये कायदा करून फ्ल्युओरिडीकरण सक्तीचे केले. त्यास एका गृहिणीने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये फेटाळले. तथापि याच खटल्यात शरीराच्या अखंडतेचा हक्क हा संविधानात शब्दशः नसला, तरी नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे तत्त्व प्रस्थापित झाले. खटला हरला व तत्त्व जिंकले, असे हे उदाहरण आहे. नेदर्लंड्समध्ये उलट घडले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये या कृतीस कायद्याचा आधार नसल्याचा निर्णय दिला आणि १९७६ मध्ये ती बंद पडली. स्वीडनने परवानगीचा कायदा १९७१ मध्ये रद्द केला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या एका वृद्ध महिलेने दाखल केलेल्या दाव्याची सुनावणी २०१ दिवस चालली. फ्ल्युओराइड सुरक्षित व उपयुक्त आहे, पण ते पाण्यात घालण्याचा अधिकार प्रादेशिक मंडळास नाही, असा निवाडा न्यायाधीश लॉर्ड जाँसी यांनी १९८३ मध्ये दिला. ब्रिटिश संसदेने १९८५ मध्ये कायदा करून तो अधिकार दिला. सुरक्षितता व अधिकार हे दोन प्रश्न निराळे आहेत, ही गोष्ट या निवाड्याइतकी स्वच्छपणे क्वचितच मांडली गेली असेल. स्वित्झर्लंडने गलगंडावरील आयोडीनयुक्त मिठाचा धडा गिरवून १९५५ पासून मिठात फ्ल्युओराइड घालण्याचा मार्ग धरला. ज्यास नको असेल त्याने साधे मीठ घ्यावे, ही सोय पाण्यात नसते. बाझेल शहराने १९६२ पासून चालविलेले फ्ल्युओरिडीकरण २००३ मध्ये थांबविले.

दरम्यान शास्त्रीय भूमिकाही बदलली. पोटात गेलेले फ्ल्युओराइड घडत्या दंतवल्कात (दातांच्या बाहेरील कठीण आवरणात) शिरते व त्यास अम्लापुढे टिकाऊ करते, असे आरंभी मानीत. १९८० नंतर असे दिसून आले की, त्याचे कार्य प्रामुख्याने दाताच्या पृष्ठभागावर, लाळेच्या माध्यमातून होते. तसे असेल तर तोंडातून स्पर्श पुरेसा आहे. गिळण्याची आवश्यकता कमी होते. फ्ल्युओराइडयुक्त दंतमंजने १९५५ नंतर बाजारात आली व ज्या देशांनी पाण्यात काहीही घातले नाही, तेथेही दात किडण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. कॉक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या समीक्षेनुसार १९७५ नंतरच्या अभ्यासांत फ्ल्युओरिडीकरणाचा लाभ दर मुलामागे सरासरी सु. पाव दुधाच्या दाताइतकाच उरतो. हा लाभ सरासरीत क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या घरी दंतमंजन व दंतवैद्य दोन्ही परवडत नाहीत, तेथील मुलाच्या बाबतीत सरासरीवरून निर्णय करणे अन्यायाचे होईल. कॅनडातील कॅलगरीने २०११ मध्ये फ्ल्युओरिडीकरण बंद केले, मुलांच्या दातांची स्थिती शेजारच्या एडमंटनपेक्षा बिघडल्याचे अभ्यासांत दिसले, २०२१ मध्ये मतदारांनी ते पुन्हा मागितले आणि २०२५ मध्ये ते सुरू झाले.

सुरक्षिततेचा ताजा वाद मेंदूच्या वाढीविषयी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाच्या २०२४ च्या प्रबंधात दर लिटरला १·५ मिग्रॅ.हून अधिक फ्ल्युओराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध असल्याचे मध्यम विश्वासाने म्हटले आहे, ०·७ मिग्रॅ. या पातळीबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असेही त्यातच नमूद आहे. दोन्ही पक्ष या प्रबंधातील आपापल्या सोयीचे वाक्य उद्धृत करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने ही जोखीम अवास्तव ठरवून पर्यावरण संरक्षण संस्थेस कार्यवाहीचा आदेश दिला. २०२५ मध्ये युटा व त्यामागोमाग फ्लॉरिडा या राज्यांनी फ्ल्युओरिडीकरणावर बंदी घातली.

भारतातील स्थिती : भारतात सार्वजनिक पाण्यात फ्ल्युओराइड घालण्याची योजना राबविली गेलेली नाही, येथे ते खडकांतूनच येते. ग्रॅनाइटी खडकांतील फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, अभ्रक इ. खनिजांतून ते भूजलात उतरते आणि पाण्यात कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक असल्यास ते विरघळलेलेच राहते. शॉर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून या विकाराचे (फ्ल्युओरोसिसचे) वर्णन प्रसिद्ध केले. दातांवरील डाग ही त्याची सौम्य पायरी होय. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने हाडांत फ्ल्युओराइड साचून सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठ होतो व मज्जारज्जूवर दाब पडून माणूस पंगू होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णम्माचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये नळगोंडा भागातील तरुणांत गुडघे आत वळण्याच्या विकृतीचे वर्णन केले. तीत पाण्याच्या जोडीला निकृष्ट पोषणाचाही वाटा होता.

डीन यांच्या १ मिलिग्रॅमची मर्यादा येथे कळून येते. पाण्यातील प्रमाण दर लिटरला सांगतात. शरीरात जाते ते मात्र दर दिवसाला. अमेरिकेतही १९६२ च्या मानकांत उष्ण प्रदेशांसाठी ०·७ व थंड प्रदेशांसाठी १·२ मिग्रॅ. असा भेद केला होता, कारण उन्हाळ्यात पाणी अधिक प्यायले जाते. उन्हात राबणाऱ्या व दूधदुभते न मिळणाऱ्या शेतमजुराला तेच पाणी कितीतरी जाचक ठरते. भारतीय मानकानुसार १ मिग्रॅ. ही स्वीकार्य व दुसरा स्रोत नसल्यास १·५ मिग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इ. जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड मर्यादेबाहेर आढळते. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा मोठा प्रसार झाला. उघड्या विहिरींतून होणारे पटकी, हगवण यांसारखे रोग त्यामुळे हटले. पण खोलवरचे पाणी पुष्कळदा अधिक काळ खडकाशी संपर्कात राहिलेले असते आणि हातपंपातून निघणाऱ्या नितळ पाण्याचा संशय कोणासही येत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेली ‘नळगोंडा पद्धती’ या प्रश्नावरील स्वस्त उपाय होय. तीत पाण्यात चुना, विरंजक चूर्ण व भरपूर तुरटी घालून ते ढवळतात. बनलेल्या साक्याबरोबर फ्ल्युओराइड तळाशी बसते. तुरटीचे प्रमाण पाणी निवळण्यासाठी नेहमी लागते त्याच्या अनेक पट असते. रोजचे श्रम, साक्याची विल्हेवाट व पाण्यात उरणारे ॲल्युमिनियम या तिच्या अडचणी आहेत आणि गावपातळीवरील पुष्कळ संयंत्रे देखभालीअभावी बंद पडली. क्रियाशील ॲल्युमिनाच्या गाळण्यांची गतही फारशी वेगळी नाही. नळगोंडा भागात नद्यांचे पाणी नळाने गावोगाव पोहोचविण्यावर भर देण्यात आला व तेलंगणातील २०१६ पासूनच्या ‘मिशन भगीरथ’ योजनेने त्यास वेग आला. जेथे असे पाणी पोहोचले नाही, तेथे विंधन विहिरीचे पाणी तपासून ती केवळ धुण्यासाठी व जनावरांसाठी राखावी, अशी सूचना देतात. जनावरांच्या हाडांवरही याच पाण्याचा दुष्परिणाम होतो, हे तीत लक्षात घेतलेले नसते.