क्रोनोग्राफ (नेमबाजी)

क्रोनोग्राफ हे बंदुकीच्या नळीतून सुटलेल्या गोळीचा किंवा छर्ऱ्याचा वेग मोजणारे उपकरण आहे. मराठीत त्यास गोळीवेगमापक असेही म्हणता येते. दारूगोळ्याची चाचणी, बंदुकांची दुरुस्ती, न्यायवैद्यक तपासणी आणि क्रीडा नेमबाजी या क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो. पूर्वी केवळ शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांत व लष्करी चाचणीस्थळांवर आढळणारे हे उपकरण आता खिशात मावेल इतक्या लहान आकारात मिळते. त्यामुळे सरावाच्या रेंजवर न्यावयाचे सुवाह्य क्रोनोग्राफ कोणते निवडावे, हा नेमबाज व प्रशिक्षक यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्न बनला आहे. मनगटी घड्याळातील थांबघड्याळाच्या सोयीलाही क्रोनोग्राफ म्हणतात. हा लेख केवळ नेमबाजीतील उपकरणाविषयी आहे.

व्युत्पत्ती

‘क्रोनोस’ (काळ) आणि ‘ग्राफेन’ (लिहिणे) या ग्रीक शब्दांपासून ‘क्रोनोग्राफ’ हा शब्द बनला आहे. नावाप्रमाणे हे उपकरण मुळात काळाची नोंद करते; वेग हा त्यावरून काढला जातो.

इतिहास

गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वसनीय पद्धत इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात मांडली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडली असता तो किती मागे झुलतो, हे मोजून संवेग अक्षय्यतेच्या नियमाने गोळीचा वेग काढता येतो. या साधनास प्राक्षेपिकीय लंबक म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियमच्या सैन्यातील अधिकारी ल बुलांजे यांनी विद्युत क्रोनोग्राफ तयार केला. त्यात गोळीच्या मार्गावर काही अंतराने तारांचे दोन पडदे लावत. पहिली तार तुटताच विद्युतचुंबकाने धरलेली लांब कांडी खाली पडू लागे. दुसरी तार तुटताच दुसरे वजन सुटून पाते मोकळे होई आणि ते पडत्या कांडीवर खूण उमटवी. खुणेच्या जागेवरून मधला काळ कळत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारांची जागा प्रकाशसंवेदकांनी घेतली आणि हे उपकरण सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आले.

महाराष्ट्रात वेगमापनाचा संबंध प्रथम दारूगोळ्याच्या निर्मितीशी येतो. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला, तर शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था (एआरडीई) १९५८ पासून पुण्यात कार्यरत आहे. काडतुसांचा वेग व नळीतील दाब यांची तपासणी हा लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याच्या गुणवत्ता नियंत्रणाचा मूलभूत भाग असतो.

कार्यतत्त्व व प्रकार

प्रकाशपडद्यांचे क्रोनोग्राफ

यात ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक असतात. गोळीची सावली पहिल्या संवेदकावर पडताच घड्याळ सुरू होते व दुसऱ्यावर पडताच थांबते. अंतरास काळाने भागले की वेग मिळतो. संवेदक ३० सेंमी अंतरावर असतील आणि गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर असेल, तर मोजावयाचा काळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही किंचित कमी असतो. ‘शूटिंग क्रोनी’, ‘कॉल्डवेल’ आणि ‘ओलर’ ही या प्रकारातील परिचित नावे होत.

हा प्रकार सर्वांत स्वस्त आहे. मात्र तो प्रकाशावर अवलंबून असतो. बंदिस्त रेंजमध्ये ही मर्यादा ठळक होते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि संवेदक चुकीची नोंद करू शकतो किंवा नोंदच करत नाही. यावर उपाय म्हणून अवरक्त दिव्यांचे स्वतंत्र पडदे असलेले नमुने मिळतात. छर्रा आतून जाऊ देणारे, नळकांडीच्या किंवा चौकटीच्या आकाराचे लहान बंदिस्त नमुनेही एअर रायफलसाठी वापरले जातात.

नळीवर बसवायचे क्रोनोग्राफ

‘मॅग्नेटोस्पीड’सारखी उपकरणे संगिनीप्रमाणे नळीच्या टोकाखाली पट्ट्याने बांधली जातात. धातूची गोळी वरून जाताना विद्युतचुंबकीय क्षेत्रात होणारा बदल त्यातील संवेदक टिपतात. प्रकाशाचा यावर परिणाम होत नाही आणि रेंजच्या पुढच्या भागात काहीही मांडावे लागत नाही. तथापि नळीच्या टोकाला वजन बांधले गेल्याने तिची कंपने बदलतात आणि गोळी नेहमीपेक्षा वेगळ्या ठिकाणी लागते. म्हणून वेग आणि नेम यांची चाचणी एकाच वेळी करता येत नाही. लहान छर्ऱ्यांसाठी या प्रकारातील प्रत्येक नमुना उपयुक्त नसतो.

डॉप्लर रडार

दूर जाणाऱ्या गोळीवरून परतणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता तिच्या वेगानुसार बदलते. या डॉप्लर परिणामावर ‘लॅबरडार’ आणि २०२३ मध्ये बाजारात आलेले गार्मिन कंपनीचे ‘झीरो सी१ प्रो’ ही उपकरणे चालतात. ती बंदुकीच्या शेजारी ठेवली जातात. गोळीला त्यांच्यामधून जावे लागत नाही, त्यामुळे चुकीच्या नेमाने उपकरणच फुटण्याची भीती राहत नाही. गार्मिनच्या उपकरणाचे वजन सुमारे १०० ग्रॅम आहे. हा प्रकार सर्वांत सोयीचा, पण महाग आहे. शेजारच्या नेमबाजाची गोळी नोंदली जाऊ नये म्हणून त्याची दिशा व संवेदनक्षमता काळजीपूर्वक ठरवावी लागते.

वेगातील फरकाचा नेमावर परिणाम

गोळी नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. वेग कमी असेल तर लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो आणि गोळी अधिक खाली लागते. वेगातील सातत्य त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

१० मीटर एअर रायफल प्रकारात छर्ऱ्याचा वेग साधारणतः सेकंदाला १७० मीटर असतो. एवढ्या वेगाने जाणारा छर्रा लक्ष्यापर्यंत सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १६५ मीटर झाल्यास तो सुमारे १८ मिमी खाली येतो. १ मिमीचा हा फरक किरकोळ वाटला, तरी दशांश गुणांकनात ०.१ गुण म्हणजे केवळ ०.२५ मिमी, म्हणजेच हा फरक ०.४ गुणांचा होतो.

५० मीटर रायफल प्रकारात .२२ बोअरच्या गोळीचा वेग ३३० ऐवजी ३२० मीटर असल्यास ती सुमारे ७ मिमी अधिक खाली लागते. या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आहे. त्यामुळे स्पर्धक एकाच उत्पादन तुकडीतील, म्हणजे एकाच ‘लॉट’मधील, काडतुसे निवडून ती चाचणीनंतरच वापरतात. मात्र वेगातील सातत्य हा निवडीचा एकमेव आधार नसतो. लक्ष्यावरील गोळ्यांचा समूह किती घट्ट आहे, हाच अंतिम निकष मानला जातो.

कायदेशीर संदर्भ

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. २०१६ च्या नियमांनुसार ज्या एअर गनची ऊर्जा २० जूलहून अधिक किंवा बोअर .१७७ (४.५ मिमी) पेक्षा मोठा असतो, तिच्यासाठी परवाना आवश्यक ठरतो. पूर्वीच्या नियमांत लाकडी फळीतून छर्रा आरपार जातो की नाही, अशी कसोटी होती. आता ती ऊर्जेच्या आकड्यावर आली आहे.

ऊर्जा ही वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी २० जूलची मर्यादा सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाला गाठली जाते, ०.७० ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी ती सुमारे २३९ मीटरला गाठली जाते. म्हणून केवळ वेगाचा आकडा पुरेसा नसतो. सेकंदाला १,००० फूट (३०५ मीटर) हा जाहिरातीतील वेग ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याने मिळाला असेल, तर ऊर्जा सुमारे १६ जूल असते. तोच वेग ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याने मिळत असेल, तर ती सुमारे २४.६ जूल होते आणि परवान्याचा प्रश्न उद्भवतो. वेगाच्या मोजणीत ०.५ टक्का चूक असल्यास ऊर्जेत ती सुमारे १ टक्का होते. मर्यादेच्या अगदी जवळ आलेला घरगुती उपकरणावरील आकडा त्यामुळे निर्णायक मानता येत नाही.

रडार किंवा अन्य बिनतारी लहरी वापरणाऱ्या उपकरणांच्या आयातीला केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचे नियम लागू होतात.

मुंबई व उपनगरांतील वापर

मुंबईतील क्रीडा नेमबाजीचे जुने केंद्र वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज हे आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत यांनी प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे सराव केला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुमा शिरूर याही याच प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविल्यानंतर राज्यात या खेळाविषयीचे कुतूहल वाढले.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या दाट वस्तीच्या उपनगरांत जागेच्या मर्यादेमुळे १० मीटरची बंदिस्त एअर रायफल रेंज हाच व्यवहार्य प्रकार ठरतो. उपकरणाच्या निवडीवर याचा थेट परिणाम होतो. बंदिस्त जागेत सूर्यप्रकाश नसतो, नेमबाजांच्या रांगा एकमेकींना लागून असतात आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हवेतील आर्द्रता जास्त असते. उघड्या मैदानासाठी बनविलेला प्रकाशपडद्याचा साधा नमुना अशा ठिकाणी निरुपयोगी ठरू शकतो. शिवाय रायफल, जाड जाकीट व बूट घेऊन लोकलने रेंजवर जाणाऱ्या नेमबाजासाठी उपकरणाचे वजन आणि मांडणीस लागणारा वेळ यांना महत्त्व येते.

रेंजच्या बाहेर मोकळ्या जागी वेग मोजणे धोक्याचे असून काही ठिकाणी गुन्हाही ठरतो. बोरिवली व मुलुंड यांच्या लगत सुमारे १०४ चौ. किमी क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही.

निवडीचे निकष

क्रोनोग्राफची निवड त्यावरून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, यावर अवलंबून असते. दोन छर्ऱ्यांची किंवा दोन लॉटची तुलना करायची असल्यास उपकरणाची एकसारखी चूक फारशी बाधक ठरत नाही, कारण ती दोन्हींना सारखीच लागू होते. ऊर्जेची मर्यादा तपासायची असल्यास मात्र आकडा स्वतः अचूक असणे आवश्यक असते.

| गरज | योग्य प्रकार | मुख्य अडचण |
|---|---|---|
| क्लबमध्ये एअर रायफलची नियमित तपासणी | अवरक्त पडद्यांचा किंवा बंदिस्त लहान नमुना | छर्रा नेमका मधून जावा लागतो |
| .२२ काडतुसांच्या लॉटची तुलना व नेम एकत्र पाहणे | डॉप्लर रडार | किंमत |
| मोठ्या बोअरच्या रायफलचा वेग | नळीवरील संवेदक किंवा रडार | नळीवरील संवेदकाने नेम बदलतो |
| दिवसा खुल्या रेंजवर कमी खर्चात मोजणी | प्रकाशपडद्यांचा साधा नमुना | ढग व ऊन यांचा परिणाम |

खरेदीपूर्वी उपकरणाची किमान व कमाल वेगमर्यादा, बॅटरीचा प्रकार, नोंदी साठविण्याची सोय, छर्ऱ्याच्या किमान आकाराची अट आणि दुरुस्तीची उपलब्धता पाहिली जाते. एकाच क्लबमधील अनेक नेमबाजांनी मिळून एक चांगले उपकरण वापरणे, हा खर्चाच्या दृष्टीने सोयीचा पर्याय असतो. तपासणी रोज करावी लागत नाही.

मोजणीतील चुका

- अंतर: मोठ्या आवाजाच्या रायफलींसाठी प्रकाशपडदे नळीपासून सुमारे ३ ते ५ मीटर दूर ठेवतात. ते जवळ असल्यास बाहेर पडणारा वायू किंवा धक्का गोळीऐवजी नोंदला जातो. दूर ठेवल्याने मिळणारा वेग मात्र नळीच्या मुखाशी असलेल्या वेगापेक्षा थोडा कमी असतो.
- कोन: गोळीचा मार्ग पडद्यांना तिरपा असल्यास तिला अधिक अंतर कापावे लागते. ५ अंशांच्या तिरपेपणाने वेग सुमारे ०.४ टक्के कमी दिसतो.
- नमुन्याचा आकार: तीन-चार गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन विश्वसनीय नसते. किमान दहा नोंदी घेऊन सरासरी, प्रमाण विचलन आणि सर्वाधिक व सर्वांत कमी वेगांतील फरक पाहतात.
- तेल: स्प्रिंगच्या एअर गनमध्ये जादा तेल राहिल्यास दाबाने ते पेट घेते व वेग काही काळ अवास्तव वाढतो. नव्या बंदुकीच्या पहिल्या नोंदी त्यामुळे ग्राह्य धरत नाहीत.
- हवेचा दाब: सिलिंडरवर चालणाऱ्या एअर रायफलमध्ये वेग हळूहळू घसरू लागला किंवा अनियमित झाला, तर सिलिंडर रिकामा होत आल्याचा किंवा दाबनियंत्रकातील बिघाडाचा तो संकेत असतो.

उपकरण गोळीबार रेषेच्या पुढे मांडावयाचे असल्यास रेंज अधिकाऱ्याने गोळीबार थांबविल्याचे जाहीर केल्यानंतर व सर्व बंदुका रिकाम्या केल्याची खात्री झाल्यानंतरच पुढे जाण्याची पद्धत आहे.

हे सुद्धा पहा

- नेमबाजी
- प्राक्षेपिकी
- डॉप्लर परिणाम
- शस्त्र अधिनियम, १९५९
- संजय गांधी राष्ट्रीय उद्यान