अहवाल आला, पुढे काय?

घाटकोपर पूर्वेला, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर उतरले, हायवे अडला. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसं गेली, अनेक जखमी झाली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटामागे हीच घटना आहे.

मी लोकशाहीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत संशोधक आहे. ‘कायद्याचं राज्य’ हा माझा विषय. ऐकायला भारदस्त वाटतं, पण रोजचं काम म्हणजे तारखा लावणं. घटना कधीची, चौकशी कधी नेमली, निकाल कधी लागला. रमाबाई नगरच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या, तर सगळ्यात मोठी मोकळी जागा चौकशी अहवालानंतर दिसते.

सरकारने न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमला. हायवेवर गॅसचे टँकर होते आणि जमाव ते पेटवेल अशी भीती होती, असं पोलिसांचं म्हणणं. आयोगाने ते मानलं नाही. १९९८च्या अहवालात गोळीबार असमर्थनीय ठरला आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं गेलं. म्हणजे साधारण वर्षभरात एका न्यायमूर्तींनी काय घडलं ते लिहून दिलं होतं. सत्र न्यायालयाने कदमांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली, ती मात्र मे २००९मध्ये. त्यानंतर लवकरच उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

मधल्या वर्षांचं उत्तर काही अंशी कायद्यातच आहे. आयोग नेमले जातात ते १९५२च्या चौकशी आयोग कायद्याखाली. आयोग सत्य शोधतो, शिक्षा देत नाही. रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्यायमूर्ती तेंडोलकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८मध्येच हे स्पष्ट केलं. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. आयोगापुढची साक्षही फौजदारी खटल्यात तशीच चालत नाही. ज्या बाईने आयोगाला सांगितलं की माझा मुलगा कसा गेला, तिला खटल्यासाठी कोर्टात उभं राहून ते पहिल्यापासून सांगावं लागतं. तोवर काही साक्षीदार म्हातारे होतात, काही घर बदलतात, काही गेलेले असतात. शिवाय कर्तव्यावर असताना केलेल्या कृत्यासाठी सरकारी नोकरावर खटला चालवायचा, तर बहुतेक वेळा सरकारचीच परवानगी लागते.

आयोग चालू ठेवायचा की नाही, हेही सरकारच्याच हातात. १९९२-९३च्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग राज्य सरकारने जानेवारी १९९६मध्ये गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा नेमला. त्याचा अहवाल फेब्रुवारी १९९८मध्ये सरकारला मिळाला आणि विधिमंडळात आला तो ऑगस्टमध्ये.

म्हणून आयोग निरुपयोगी आहेत, असं मला वाटत नाही. गुंडेवार अहवाल नसता, तर टँकरची गोष्टच कदाचित इतिहास म्हणून उरली असती. वस्तीतल्या माणसांनी येऊन साक्ष दिली म्हणून ती सरकारी कागदावर खोडली गेली. आज रमाबाई नगरचा पुनर्विकास होतोय. गल्ल्या जातील, इमारती येतील. गोळी कुठे लागली हे दाखवायला तेव्हा कदाचित भिंतही नसेल. अहवाल असेल.

पण अहवाल आला म्हणून न्याय झाला, असं समजू नका. कायदा म्हणतो की अहवाल आणि त्यावरच्या कार्यवाहीचं निवेदन सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवा. पुढच्या वेळी ‘चौकशी आयोग नेमला’ अशी बातमी फोनवर दिसली, की तिचा स्क्रीनशॉट ठेवा आणि सहा-सहा महिन्यांनी विचारत राहा : अहवाल सरकारला मिळाला का? सभागृहात आला का? आणि आरोपपत्र कधी दाखल होणार?