घरदुरुस्तीतील सदोष सुटे भाग आणि ग्राहकाचा हक्क : कोरपना परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

घर बांधणे ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात बहुधा एकदाच घडणारी गोष्ट असते. घराची दुरुस्ती मात्र दरवर्षी करावी लागते. वाडे, किल्ले आणि मंदिरे यांच्या बांधणीला इतिहासलेखनात स्थान मिळाले. सामान्य माणसाच्या घराची डागडुजी मात्र उपेक्षित राहिली. दुरुस्तीसाठी आणलेला भागच सदोष निघाला तर त्याची झळ कोणी सोसायची, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. नळाचा वायसर किंवा पंख्याचा कॅपॅसिटर यांची किंमत अल्प असते. परंतु तो पुन्हा बदलण्यासाठी मिस्त्रीची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, बाजाराची आणखी एक फेरी पडते आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचा एक दिवस बुडतो. म्हणजेच खरी हानी भागाच्या किमतीत नसून दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीत असते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्याच्या पार्श्वभूमीवर या हानीची जबाबदारी कालौघात कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळखीवर आधारलेली हमी

आजचा कोरपना तालुका हा पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा भाग होय. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यास जोडला गेला. गोंड व कोलाम समाजांची वस्ती असलेल्या या परिसरात घराचे साहित्य मुख्यतः जवळपासच मिळे. लाकूड व बांबू जंगलातून, माती शेतातून किंवा नाल्याकाठाहून आणि कवेलू कुंभाराच्या भट्टीतून येत. बांबूकाम हे तर कोलामांचे पारंपरिक कौशल्य होय. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, कुडाच्या भिंती नव्याने लिंपणे, कुजलेला बांबू काढून नवा घालणे ही वार्षिक कामे होती.

या व्यवस्थेत सदोष भागाविषयीची तक्रार घेऊन दूर जावे लागत नसे. कवेलू कच्चे भाजलेले निघाले तर ते कोणी घडविले हे ठाऊक असे. वस्तूची हमी ही घडविणाऱ्याच्या ओळखीत होती. मात्र या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणेही योग्य ठरणार नाही. तक्रारीचा निवाडा वस्तूच्या गुणावर होण्याऐवजी तक्रारदाराच्या गावातील वजनावर होण्याची शक्यता असे. दुर्बल ग्राहकाला दाद मिळेलच असे नव्हते आणि दुर्बल कारागिरावर अन्याय होणार नाही याचीही शाश्वती नव्हती.

सिमेंट आणि अनोळखी उत्पादक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सिमेंटच्या किमतीवर व वाटपावर सरकारी नियंत्रण होते. १९६६ ते १९६८ हा अल्प काळ वगळता ते दीर्घकाळ टिकले. टंचाईच्या काळात मालाची प्रत तपासण्याची मुभा ग्राहकाला फारशी नसे. मिळेल तो माल घ्यावा लागे. सिमेंट वाटपाचा प्रश्न महाराष्ट्रात किती संवेदनशील बनला होता, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना द्याव्या लागलेल्या राजीनाम्यावरून दिसून येते. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठविण्यात आले.

याच काळात चुनखडीने समृद्ध असलेल्या कोरपना परिसराचे स्वरूप पालटले. १९८३ मध्ये आवारपूर येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला; २००४ मध्ये या कंपनीचा सिमेंट व्यवसाय ग्रासिम समूहाकडे जाऊन तो अल्ट्राटेक नावाने ओळखला जाऊ लागला. गडचांदूर व उपरवाही येथेही सिमेंट कारखाने उभे राहिले. कुडाच्या घरांजवळ विटा-सिमेंटची घरे आली आणि त्यांच्याबरोबर नळ, विजेची बटणे, वायर, मोटारपंप, पत्रे असे साहित्य आले. या वस्तू घडविणारा आता ग्राहकाच्या परिचयाचा राहिला नाही.

कारखाना जवळ असणे ही मालाच्या गुणवत्तेची हमी नव्हे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. सिमेंट हवेतील ओलावा शोषून घेते व साठवणुकीत त्याची ताकद कमी होत जाते. म्हणूनच उत्पादनानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ पडून राहिलेल्या सिमेंटची फेरतपासणी करणे आवश्यक मानले जाते. दोष उत्पादनाचा की दुकानातील साठवणुकीचा, हे पोत्यावरील उत्पादनाचा आठवडा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय गिलावा निखळू लागतो तेव्हा पोते बहुधा फेकून दिलेले असते.

कायद्याची वाटचाल

वस्तुविक्रीसंबंधीचा १९३० चा कायदा या परिसरास प्रारंभी लागू नव्हता. १९५१ च्या कायद्याने अनेक केंद्रीय कायद्यांबरोबर तो हैदराबादसह 'ब' वर्ग राज्यांना लागू करण्यात आला. ग्राहकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या कामास योग्य असली पाहिजे, ही अट या कायद्याच्या कलम १६ मध्ये अध्याहृत आहे. परंतु विशिष्ट व्यापारी नावाने वस्तू मागितल्यास ही अट लागू होत नाही. तसेच ग्राहकाने वस्तू पाहून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवा होता अशा दोषाबद्दल तक्रार करता येत नाही. कलम ६२ नुसार करार करून अशा अटी वगळताही येतात. शिवाय दाद मागण्यासाठी दिवाणी न्यायालयाखेरीज मार्ग नव्हता आणि वायसरसाठी दिवाणी दावा कोण करणार?

ही उणीव ओळखून ग्राहक चळवळ उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्हा पातळीवर स्वतंत्र मंच निर्माण झाले. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे असे आदेश त्यांना देता येऊ लागले.

२० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा अमलात येऊ लागला. तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे भाग हैदराबाद वा नागपूर येथून आणला असला तरी कोरपन्याच्या रहिवाशाला चंद्रपूर येथे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल न देणे, तसेच सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, या अनुचित व्यापारी प्रथा ठरल्या. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या बिलावरील ओळीचा धाक त्यामुळे बराचसा निराधार ठरतो. सदोष वस्तूमुळे इजा झाली आणि तिचा उत्पादक अज्ञात असेल, तर विक्रेत्यालाही उत्तरदायी धरता येते. बिननावाच्या सुट्या भागांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

पुराव्याचा प्रश्न

असे असले तरी दोन अडचणी कायम आहेत. पहिली अडचण सिद्धतेची. चाचणीशिवाय दोष कळत नसेल तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद १९८६ पासून आहे. मात्र चाचणीचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते. ते भागाच्या किमतीहून अधिक असल्यास हक्क कागदावरच राहतो. दुसरी अडचण भरपाईची. वस्तू बदलून मिळण्यासाठी दोष दाखविणे पुरेसे असते. नुकसानभरपाईसाठी मात्र कायद्याच्या शब्दांप्रमाणे विरुद्ध पक्षाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दुसऱ्यांदा दिलेली मजुरी व बुडालेला रोज नेमका या दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणजे जी हानी सर्वांत मोठी, तीच सिद्ध करणे सर्वांत कठीण होय.

यात मिस्त्रीचे स्थानही संदिग्ध असते. भाग त्यानेच आणला असेल तर दुकानदार बसविण्यातील चूक दाखवितो आणि मिस्त्री भागातील दोष. काढलेला भाग टाकून दिल्यास दोघांपैकी कोणाचे म्हणणे खरे हे ठरविण्याचे साधनच उरत नाही. म्हणून घरमालकाने स्वतःच्या नावे बिल घेणे, आपली गरज दुकानदारास स्पष्ट सांगणे, सदोष भाग वेष्टनासह जपून ठेवणे या साध्या गोष्टींना कायदेशीर मूल्य आहे. १९५५ पासून वापरात असलेल्या आयएसआय चिन्हाबाबतही हेच म्हणता येईल. केवळ चिन्ह पुरेसे नसून त्याच्या वरचा मानक क्रमांक व खालचा परवाना क्रमांक पाहणे आवश्यक असते. चिन्हांकित माल प्रमाणानुसार नसल्यास तो परत घेण्याची व भरपाईची तरतूद २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यात आहे.

निष्कर्ष

कोरपना परिसरात घरदुरुस्तीची हमी ओळखीकडून कागदाकडे सरकली, असे वरील विवेचनावरून म्हणता येते. पूर्वी कुंभाराचे घर माहीत असणे पुरेसे होते. आज बिल, चिन्ह आणि जपून ठेवलेला भाग यांवाचून हक्क सिद्ध होत नाही. कायद्याने दुर्बल ग्राहकाला पूर्वी नसलेला समान दर्जा दिला, ही त्याची मोठी देणगी होय. परंतु ज्या समाजात व्यवहार अजूनही तोंडी विश्वासावर चालतो, तेथे कागदावर उभा असलेला हक्क सर्वांत गरजू माणसापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो. अल्प किमतीच्या वस्तूंची चाचणी शासकीय खर्चाने होणे आणि पुन्हा द्याव्या लागलेल्या मजुरीचा अंतर्भाव वस्तूच्या किमतीबरोबरच परताव्यात होणे, या दोन सुधारणा झाल्यास हे अंतर बऱ्याच अंशी कमी होऊ शकेल.