भिंतीवरचं कातडं

आमच्या ओसरीच्या मातीच्या भिंतीत चार खुंट्यांची भोकं आहेत. दरसाल पोतारा देताना घरची मंडळी ती बुजवतात, पावसाळा झाला की पुन्हा दिसतात. तिथं बिबट्याचं कातडं होतं.

मालगुजारीच्या काळातली ही गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, अन् गडचिरोली त्यातच. मोठे साहेब शिकारीला येत, गावचे लोक हाकारा करत. साहेबांची कातडी मीठ लावून म्हैसूरला व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात जायची. तिथं कागदाच्या लगद्याच्या साच्यावर चढवून, काचेचे डोळे बसवून वाघ पुन्हा उभा करत. हाकारा करणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी. आमच्या आज्याला कातडं मिळालं, कारण बिबट्यानं त्याचीच कालवड मारली होती. मालगुजारानं परवान्याच्या बंदुकीनं तो पाडला अन् कातडं आज्याला दिलं.

आज्यानं ते घरीच कमावलं. सोलल्यावर त्याच दिवशी मीठ लागलं पाहिजे, नाहीतर कातडं कुजते अन् केस मुठीनं निघतात. त्यानं आतली चरबी बोथट विळ्यानं खरडली, खडे मीठ कुटून चोळलं. सुटलेलं पाणी निथळून पुन्हा मीठ. मग तुरटी-मिठाच्या पाण्यात भिजवलं. जोड्याच्या कातड्याचे केस चुन्यात काढतात, मग ते बाभळीच्या सालीत अन् हिरड्यात घालतात. इथं केस राखायचे होते, म्हणून तुरटी. शेवटी बांबूच्या चौकटीवर ताणून सावलीत वाळवलं अन् टोळीचं तेल लावून मऊ केलं. कसर लागू नये म्हणून मागं कडुनिंबाचा पाला. वीस-पंचवीस वर्षं एक केस गळला नाही.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1973 पासून तो महाराष्ट्रात लागला. ज्याच्या घरी असं कातडं असेल त्यानं तीस दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करायची होती. आमच्या गावात रेडिओ एकच, अन् ही बातमी कुणाच्या कानी आली नाही. मी दहावीत असताना पाणी प्यायला थांबलेल्या एका माणसानं भिंतीकडे पाहून विचारलं, "याचा दाखला आहे का?"

तो गेल्यावर आजा म्हणाला, "कातडं टिकवलं बा मी. आता कागद कुठून आनू?"

बाबा म्हणाले, "बा, लेकरं लहान आहेत. जाळून टाकू."

त्याच रात्री वाडीत जाळलं. जळक्या केसांचा वास दोन दिवस गेला नाही. आजा खाटेवर भिंतीकडे पाठ करून निजला होता.

2003 साली सरकारनं नोंदीसाठी पुन्हा 180 दिवस दिले. तोवर आमच्याकडे राख पण नव्हती, अन् आजाही नव्हता.

कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याच्यामुळेच ताडोबात आज वाघ आहे, अन् आमच्या शिवारातही त्याचे पंजे उमटतात. पण जो कायदा घरात शिरतो, त्याची दवंडी आधी गावात पिटली पाहिजे.

परवा नातवानं भोकांचं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, मिठापासून तेलापर्यंत. म्हटलं, "हे बकऱ्याच्या कातड्यावर कर. बाकी जनावर जंगलातच चांगलं दिसते."