नावेच्या इंजिनातील चोकची कुळकथा

सरदार सरोवराच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली आणि नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांसाठी नाव हाच रस्ता व तरंगता दवाखाना हाच आधार उरला. अशा ठिकाणी सातपुड्याच्या हिवाळ्यातील पहाटे इंजिन सुरू होणे ही रुग्णाच्या जिवाशी निगडित बाब असते. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो आणि म्हणून चोकही नसतो, त्यामुळे ही कुळकथा पेट्रोलवर वा रॉकेलवर चालणाऱ्या लहान इंजिनांची आहे.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेत इंधनाचे तुषार मिसळणारे साधन. वजनाने सुमारे 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण तापलेल्या इंजिनाला पुरते. परंतु पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि गार धातूवर बहुतेक थेंब वाफ न होता चिकटून राहतात, त्यामुळे आरंभी मिश्रण मुद्दाम दाट करावे लागते.

1886 मध्ये डाइमलर आणि माइबाख या जर्मन अभियंत्यांनी नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची नाव चालवली, तेव्हा ठिणगीऐवजी ज्योतीने तापवलेली नळी मिश्रण पेटवीत असे, म्हणजे सुरुवातीची तयारी आगीनेच होई. 1893 मध्ये माइबाखने तुषार कार्ब्युरेटर सिद्ध केल्यावर प्रश्न मिश्रणाच्या दाटपणाचा झाला. जुन्या सागरी इंजिनांच्या सिलिंडरवर तोटी असलेली लहान वाटी असे व तीतून पेट्रोल थेट आत सोडले जाई. पुढे तरंगत्या गोळ्याला दाबून कार्ब्युरेटरमधील इंधनाची पातळी चढवणारी खुंटी, म्हणजे टिकलर, आली. हवेची वाट झडपेने अडवून आतील ओढ वाढवणारा चोक मात्र सर्वांत टिकाऊ ठरला, कारण एका पत्र्याच्या झडपेने आणि हाताच्या ओढीनेच त्याचे काम भागते. त्याचा दोषही तेथेच आहे: तो जास्त वेळ ओढून ठेवल्यास ठिणगी देणारा प्लग पेट्रोलने ओला होतो आणि इंजिन सुरू करण्याची दोरी कितीही ओढली तरी इंजिन पेटत नाही.

भारतीय पाण्यावर याच कुळातील आणखी एक रीत रुजली, आणि तिची दखल यंत्रेतिहासात अधिक घेतली जायला हवी. रॉकेल साध्या तापमानात पुरेशी वाफ देत नाही, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करून ते तापल्यावर रॉकेलवर वळवतात. येथे मिश्रण दाट करण्यापेक्षा इंधनच बदलले जाते.

1980 च्या दशकात अमेरिकेतील आउटबोर्ड इंजिनांत, म्हणजे नावेच्या मागे बाहेर बसवल्या जाणाऱ्या इंजिनांत, चोकच्या जागी विजेच्या झडपेने जादा पेट्रोल सोडणारा प्रायमर आला; यामाहाने मेणाचा घटक विजेने तापवून जादा इंधनाची वाट आपोआप बंद करणारी रचना वापरली. बॅटरी उतरली की विजेची झडप उघडत नाही, म्हणून काही प्रायमरवर हाताने फिरवायची लहान लाल कळ ठेवलेली असे. मदत दूर असलेल्या जलाशयावर अशी हातकळ असलेला प्रायमरच सर्वांत योग्य होय.