हरवलेलें चक्र

पालघराहून आगगाडीनें उत्तरेस निघालें म्हणजे उमरोळीच्या पुढें बोईसर लागतें, आणि तेथून पश्चिमेस समुद्रकांठीं तारापूरचें अणुविद्युत्केंद्र आहे. वाचकांनीं त्याविषयीं ऐकलें असेल तें बहुधा किरणोत्साराच्या संबंधानें, किंवा पोफरण व अक्करपट्टी येथील लोकांना घरेंदारें सोडून जावें लागलें त्या संबंधानें. आम्ही मात्र आज एका क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधूं इच्छितों. ती म्हणजे संगणकाच्या पोटांत आंकडा ज्या घरांत राहतो त्या घराचें माप.

कागदावर लिहिलेली संख्या वाढली तर कागद पुरतो. यंत्राचें तसें नाहीं. पांच चाकांचा जुना विजेचा मीटर ९९९९९ नंतर मुकाट्यानें ००००० दाखवितो. संगणकांतही पूर्णांकास ठराविक बिटांचें घर नेमून दिलेलें असतें. सोळा बिटांच्या घरांत एक बिट धन-ऋण चिन्हाकडे गेला कीं ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. तींत एक मिळविला तर उत्तर बहुधा उणें ३२,७६८ असें येतें, आणि यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा संगणक मुंबईंत सिद्ध केला. त्याचा शब्द ४० बिटांचा होता. ती संस्था उभारणारे डॉ. होमी भाभा हेच अणुविद्युत् योजनेचेही प्रवर्तक. त्या पिढीच्या यंत्रांवर गणित करणाऱ्यास घराचें माप सतत डोळ्यांपुढें ठेवावें लागे. पुढें १९७२ च्या सुमारास अमेरिकेंत डेनिस रिची यांनीं 'सी' नांवाची भाषा रचली, आणि गणित लिहिणें इतकें सुलभ झालें कीं मापाचा विसर पडूं लागला. ह्या भाषेचा एक नियम तर विलक्षणच आहे. चिन्हयुक्त पूर्णांक घराबाहेर गेल्यास काय व्हावें, हें प्रमाणग्रंथानें सांगितलेलेंच नाहीं. म्हणून आधीं बेरीज करून मग "उत्तर ऋण आलें काय?" असें विचारणारी ओळ भाषांतर करणारा प्रोग्राम निरर्थक समजून गाळूनही टाकूं शकतो. विचारावयाचें तें बेरजेपूर्वीं.

तारापूरचेच आंकडे घेऊन एक कल्पित उदाहरण देतों. तेथें असें घडलें असें कोणीं समजूं नये. १९६९ सालीं सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांची क्षमता प्रारंभीं प्रत्येकीं २१० मेगावॅट होती. शेंकडेवारी काढण्यासाठीं उत्पादनास आधीं १०० नें गुणावें, मग क्षमतेनें भागावें, असें कोणीं लिहिलें, आणि गुणाकार सोळा बिटांच्या घरांत ठेविला. २१,००० झाले; सुखानें मावले. आतां हेंच गणित २००५ व २००६ सालीं सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या संचांस लावा. ५४,००० होतात, घरांत दिसतात उणें ११,५३६. संच पूर्ण शक्तीनें चालला आहे आणि आंकडा सांगतो कीं तो शून्याच्याही खालीं आहे! गणितांत एक अक्षर बदललेलें नाहीं. बदललें तें जग.

हें अगदीं असेंच, पण खरेंखुरें, ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथें घडलें. 'एरियन ५' ह्या युरोपीय अग्निबाणांत 'एरियन ४' चा प्रोग्राम जसाच्या तसा घेतला होता. आडव्या वेगाशीं निगडित एक संख्या ६४ बिटांच्या अपूर्णांकाच्या रूपांतून १६ बिटांच्या पूर्णांकांत घालतांना ती मावली नाहीं. अशा सात राशींपैकीं चारांवर पहारा होता. तिहींना तो अनावश्यक ठरविला होता, आणि जुन्या बाणाच्या वेगास तें बरोबरही होतें. मदतीस ठेविलेला दुसरा संगणक त्याच प्रोग्रामाचा, म्हणून तोही त्याच चुकीनें बंद पडला. उड्डाणास पुरतें एक मिनिटही न होतां बाण नष्ट झाला. ज्या गणितानें घात केला त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती, हें वाचून तर मन सुन्न होतें.

मर्यादित घरांत अमर्याद काल बसविण्याची युक्ति मात्र आमच्या कोंकणांत पुरातन आहे. मुंबईच्या दक्षिणेस नांदगांव येथील गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ (इ. स. १५२०) हें आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचिला. ग्रह काढावयाचा तर आरंभापासून लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, हवा. कलियुगापासून मोजावें तर तो तेव्हांच सोळा लाखांवर गेलेला. जवळचें आरंभवर्ष धरावें तरी तो वर्षानुवर्षें फुगतच जाणार. गणेशांनीं अकरा वर्षांचें, ४०१६ दिवसांचें, चक्र कल्पिलें. शकांतून १४४२ वजा करून ११ नें भागावें. भागाकार तीं चक्रें, आणि अहर्गण काढावा तो केवळ बाकीच्या वर्षांचा. शके १९४७ घेतला तर उरतात ५०५. चक्रें ४५, बाकी १०. आजही आंकडा चार अंकांपलीकडे जात नाहीं.

येथें खरें मर्म आहे. गणेशांचा अहर्गणही मीटरासारखा पुन्हा आरंभापाशीं येतो, परंतु किती वेळां आला हें ते लिहून ठेवितात. प्रत्येक ग्रहाचा ध्रुव त्यांनीं सांगितला आहे. त्यास चक्रसंख्येनें गुणून तो क्षेपकांतून, म्हणजे आरंभींच्या ग्रहस्थानांतून, वजा करावयाचा. संगणक चक्र पुरें करतो आणि चक्रच हरवून बसतो.

संगणकांचा एक अहर्गण १ जानेवारी १९७० पासून सेकंदांनीं मोजला जातो. तो ३२ बिटांच्या घरांत ठेवणारीं जुनीं यंत्रें २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊं शकतात. नव्या यंत्रांत त्यास ६४ बिटांचें घर दिलें आहे. पण कारखान्यांच्या भिंतींवर बसविलेलीं नियंत्रक यंत्रें संगणकांइतकीं वारंवार बदलत नाहींत, आणि बोईसरास तर औद्योगिक वसाहतच आहे. ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजीं, मंगळवारीं, येथील घड्याळाप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरेल.