फाटक आणि उंबरठा

‘लॉज’ म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडजवळची पाटी आठवते. इंग्लंडच्या खेड्यांत मात्र लॉज म्हणजे बड्या जमीनदाराच्या इस्टेटीच्या फाटकाशी असलेलं पहारेकऱ्याचं छोटं घर. आधी फाटक, मग झाडांतून वळत जाणारा रस्ता आणि अगदी शेवटी बंगला. मालक किती मोठा आहे, हे पाहुण्याला त्या वाटेवरच कळावं, अशी ती रचना.

मी खडकीचा. अशी इस्टेट बघायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या शेजारी, गणेशखिंडीत, आज जिथे पुणे विद्यापीठ आहे, तिथे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम असायचा. त्याआधी गव्हर्नर दापोडीच्या बंगल्यात राहत. सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये, नव्या इमारतीचं काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. दगडी भिंती, इटालियन वळणाच्या कमानी आणि झाडांच्या वर डोकावणारा मनोरा. खर्च इतका झाला की लंडनपर्यंत टीका पोचली. जेवण आत न्यायला नोकरांसाठी भुयारी वाट होती. म्हणजे अंतर फक्त फाटकाशी नव्हतं, घरातही होतं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. त्यांच्या हाताखालचे गोरे सैनिक तपासणीसाठी लोकांच्या घरांत शिरत, अगदी स्वयंपाकघरात आणि देवघरातही. ज्यांच्या साहेबाच्या घरापर्यंत पोचायला पहारा ओलांडावा लागे, त्यांना आमच्या उंबरठ्याची किंमत नव्हती.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या बंगल्यात मेजवानी होती. चापेकर बंधू आत शिरले नाहीत. त्याची गरजच नव्हती. पाहुणे रात्री परतणार ते फाटकातूनच. दामोदर चापेकरांनी तिथे रँडची बग्गी हेरली आणि पुढे गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले.

माणसांना लांब ठेवायला बांधलेल्या त्या रचनेत येण्याजाण्याची वाट मोजकीच होती. तिनेच हल्लेखोरांना कुठे थांबायचं ते सांगितलं.

१९४९ मध्ये इथे विद्यापीठ सुरू झालं, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तो कारखानाही १८६९ चा, या बंगल्याच्याच वयाचा. आजोबा रोज मनोरा लांबून बघायचे, आत कधी गेले नाहीत. अ‍ॅडमिशनच्या दिवशी मी त्यांना सोबत नेलं. फाटकाशी आल्यावर सवयीने त्यांनी चपला काढायला पाय उचलला. मी म्हटलं, “आजोबा, राहू द्या. हे आता आपलंच आहे.”